थंड देशातल्या अंगणात पाम: हिवाळा बाहेरच कसा काढायचा

जर्मनीतल्या अंगणात माड तगणार नाही, पण पंख्यासारख्या पानांचे काही पाम तिथला हिवाळा उघड्यावर काढतात आणि दहा-पंधरा वर्षांत माणसाच्या डोक्यावर जातात. त्यासाठी योग्य जात, योग्य जागा आणि नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत वेळच्या वेळी केलेली थोडी कामं लागतात. खालची माहिती मुख्यतः अशा भागांसाठी आहे, जिथे वर्षातली सर्वांत थंड रात्र उणे १२ ते उणे १८ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. जर्मनीचा बराच भाग या पट्ट्यात येतो आणि न्यू जर्सीचाही, त्यामुळे तिथल्या मराठी मंडळींनाही हेच गणित लागू पडेल.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी कामं तिच्यावरच उभी आहेत. आंबा वरून छाटला तर बाजूने फुटतो. माडाचा शेंडा गेला की माड गेला. या पामांचंही तसंच आहे: खोडाच्या टोकाला वाढीचा एकच कोंब असतो आणि त्यातून न उमललेलं सरळ पान, म्हणजे पोगा, वर येतो. पानं करपली तर नवी येतात. कोंब मेला तर झाड संपलं. कोकणात पावसाळ्यात माडाचा कोंब कुजतो, तसाच इथे हिवाळ्यात पामचा कुजतो. कोंबाच्या बेचक्यात पाणी साचतं, गोठतं, पेशी फाटतात, आणि बर्फ वितळला की त्या जखमेत बुरशी आणि जिवाणू शिरतात. कोरडी उणे १० अंशांची रात्र सोसणारं झाड ओल्या कोंबानिशी उणे ६ अंशांतही दगावू शकतं. मार्चमध्ये गुंडाळी सोडल्यावर मेलेले सापडणारे कितीतरी पाम थंडीने नव्हे, गुंडाळीतल्या ओलीने गेलेले असतात. म्हणून नियम असा: कोंब कोरडा ठेवा, झाड उशिरा झाका, लवकर उघडा.

कोणता पाम घ्यायचा

सुरुवात ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनायपासून करा. जर्मन रोपवाटिकांत तो हान्फपाल्मे या नावाने मिळतो. मूळ चीनचा हा पाम चीन-जपानमध्ये दोर, झाडू आणि पावसाळी झगे बनवण्यासाठी लागणाऱ्या तंतूंकरता शतकानुशतकं लावला जातो. खोडाभोवती गुंडाळलेला तो तपकिरी काथ्या झाडाची स्वतःची गोधडीच आहे, तो सोलू नका. १८३० साली सीबोल्ड या जर्मन वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञाने याचं बी जपानमधून युरोपात धाडलं आणि १८४९ मध्ये रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाने चीनमधून लंडनच्या क्यू उद्यानाला रोपं पाठवली. झाडाच्या नावात फॉर्च्युन आहे तो हाच.

चांगला रुजलेला, निदान अर्धा मीटर खोड असलेला फॉर्च्युनाय थोड्या काळासाठी उणे १२ ते उणे १५ अंश सोसतो. उणे १० च्या आसपास पानं करपायला लागतात. लेबलवर उणे १८ छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. तो आकडा जुन्या झाडाचा, कोरड्या हवेतला आणि एखाद्या रात्रीपुरता असतो. वाग्नेरियानुस हा त्याचाच लहान, ताठ पानांचा प्रकार आहे. वारा फार असेल तर तो घ्या, कारण त्याची पानं फाटत नाहीत.

थंडी सोसण्यात याहून पुढे आहेत अमेरिकेच्या आग्नेय भागातले दोन बुटके पाम. रापिडोफिलम हिस्ट्रिक्स, म्हणजे सुयांचा पाम, उणे २० अंशांतूनही निभावून जातो आणि साबाल मायनर उणे १५ ते उणे १८ पर्यंत. दोघांची वाढ अतिशय मंद असते आणि त्यांना उन्हाळा गरम लागतो. भूमध्य सागराकाठचा कामेरॉप्स ह्युमिलिस उणे १० पर्यंतच, पण त्याला बुंध्यातून पिल्लं फुटतात, त्यामुळे एक कोंब गेला तरी झाड राहतं. वॉशिंग्टोनिया आणि कॅनरी खजूर स्वस्त आणि देखणे असतात, म्हणून नवखे तेच उचलतात. या हवामानात ते जमिनीत लावू नका.

भारताचाही एक पाम या यादीत आहे. ट्रॅकिकार्पस ताकिल उत्तराखंडात पिथोरागडजवळच्या डोंगरांवर, बर्फ पडणाऱ्या उंचीवर वाढतो. पण ताकिल म्हणून विकली जाणारी बरीच रोपं प्रत्यक्षात फॉर्च्युनायच असतात, त्यामुळे नावासाठी जादा पैसे मोजू नका.

स्वित्झर्लंडमध्ये राहत असाल तर आधी हे वाचा. देशाच्या दक्षिणेकडच्या तिचिनो प्रांतातल्या जंगलांत फॉर्च्युनाय इतका पसरला की १ सप्टेंबर २०२४ पासून देशभर त्याची विक्री आणि देवघेव बंद आहे. अंगणात आधीपासून असलेलं झाड ठेवता येतं, मात्र पिवळे तुरे आले की बी धरण्याआधी कापून टाका.

जागा आणि लागवड

लावायचं मेच्या मध्यानंतर, जूनअखेरपर्यंत. ११ ते १५ मे हे दिवस जर्मनीत थंडीच्या शेवटच्या फटक्याचे मानतात, ते जाऊ द्या. शरद ऋतूत सवलतीत मिळालेला पाम त्याच वर्षी जमिनीत लावला तर मुळं धरायच्या आत हिवाळा येतो. असं झाड पहिला हिवाळा कुंडीतच काढू दे.

घराच्या दक्षिण किंवा नैऋत्य भिंतीपासून दीड मीटरच्या आसपासची जागा उत्तम. भिंत दिवसाची ऊब रात्री परत देते आणि उत्तर-ईशान्येचा बोचरा वारा अडवते. छपरावरून बर्फ घसरून पडतो किंवा पन्हळ ठिबकते ती जागा टाळा.

निचऱ्याची परीक्षा अशी करा: ४० सेंटीमीटर खोल खड्डा खणून पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसरं पाणी चार-पाच तासांतही जिरत नसेल तर माती चिकण आहे. अशा मातीत मोठा खड्डा खणून त्यात भुसभुशीत मिश्रण भरण्याची चूक सर्रास होते. तो खड्डा मग भांडं बनतो, भोवतालचं पाणी त्यात येऊन थांबतं आणि मुळं हिवाळाभर बर्फाळ पाण्यात बसतात. त्याऐवजी जमिनीवर २० ते ३० सेंटीमीटर उंच, दीड मीटर रुंद वरंबा करून त्यावर लावा. दोन भाग तिथलीच माती आणि एक भाग जाड वाळू किंवा लाव्हाची खडी पुरते. मुळांचा गोळा कुंडीत होता त्याच पातळीला ठेवा. बुंधा मातीत गाडला तर तिथून कुजतो.

उन्हाळ्यात पाणी भरपूर लागतं, हा वाळवंटातला पाम नाही. नत्राचं खत जुलैअखेर थांबवा, कारण उशिरा दिलेल्या नत्राने कोवळी, पाणीदार वाढ होते आणि पहिल्या कडाक्यात तीच काळी पडते. ऑगस्टच्या शेवटी चौरस मीटरला ३० ते ४० ग्रॅम पालाश-मॅग्नेशियम खत द्या. जर्मनीत ते पाटेंटकाली नावाने मिळतं. पोटॅशमुळे पेशीतला रस गोठायला उशीर होतो.

ऑक्टोबरपर्यंत काय काय आणून ठेवायचं

एका मध्यम झाडासाठी (खोड ८० सेंटीमीटर, एकूण उंची दीड-दोन मीटर):

- बागेसाठी मिळणारं पांढरं फ्लीस कापड, चौरस मीटरला ५० ग्रॅम वजनाचं, दीड मीटर पन्ह्याचं ५ मीटर. १७ ग्रॅमचं पातळ कापड वसंतातल्या भाजीच्या वाफ्यांसाठी असतं, इथे ते अपुरं पडतं.
- काथ्याची चटई, १ मीटर रुंद, दीड मीटर लांब. वेताची किंवा लव्हाळ्याची चटईही चालते.
- मऊ, रुंद दोर. नायलॉनची सुतळी पानांच्या देठांना कापते.
- कोरडा पालापाचोळा किंवा झाडाच्या सालीचे तुकडे, तीन-चार मोठ्या पिशव्या.
- ४ लाकडी खांब आणि त्यांवर बसेल असा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा, साधारण १ मीटर चौरस.
- बाहेरच्या वापराची गरम होणारी तार, मीटरला १० ते १५ वॉटची, ८ मीटर.
- तार आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट, ज्याचा संवेदक वायरने लांब नेता येतो.
- किमान-कमाल तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल तापमापक.

यातली एकच वस्तू परवडत असेल तर तापमापक घ्या. हवामान केंद्राचा आकडा तुमच्या अंगणाचा नसतो. दरीतलं किंवा उघड्या शेताजवळचं अंगण निरभ्र रात्री त्याहून तीन-चार अंश खाली जातं आणि शहरातली बंदिस्त मागची बाजू तेवढीच वर राहते. पहिला हिवाळा नोंदी ठेवल्यात तर दुसऱ्या हिवाळ्यात अर्धी कामं वाचतात.

नोव्हेंबरची तयारी

कडाक्याच्या पहिल्या थंडीआधी मुळांना एकदा भरपूर पाणी द्या, कोंबात मात्र एक थेंबही जाऊ देऊ नका. हिवाळ्यात पानं नुसत्या थंडीने नव्हे, तहानेनेही वाळतात: जमीन गोठलेली असते, मुळं पाणी उचलू शकत नाहीत, आणि वर फेब्रुवारीचं ऊन आणि वारा पानांतून पाणी ओढत राहतात. जमीन न गोठलेल्या कोरड्या आठवड्यात अधूनमधून एखादी झारी घालत राहा.

मग बुंध्याभोवती ८० सेंटीमीटरपर्यंत, १५ ते २० सेंटीमीटर जाड पालापाचोळा पसरा. खोडाला लागून हाताएवढी जागा मोकळी सोडा. पाला उडू नये म्हणून वर दोन-चार फांद्या टाका. पेंढा टाळलेला बरा, तो पाणी धरतो आणि त्यात उंदीर घर करतात.

चार खांब रोवून त्यांवर पत्रा तिरपा बसवा, पानांपासून एक वीत वर, बाजू पूर्ण मोकळ्या. पाऊस आणि ओला बर्फ अडतो आणि हवा खेळत राहते. सौम्य भागात रुजलेल्या झाडाला अनेक हिवाळे एवढंच पुरतं.

पानं छाटू नका. गुंडाळायला सोपं जावं म्हणून हिरवी पानं कापून झाडाचा खराटा करतात, पण वसंतात कोंबाला लागणारं अन्न त्या पानांत आणि देठांत असतं. पूर्ण वाळलेलीच तेवढी काढा.

किती थंडीला काय करायचं

पुढच्या आठवड्याचा अंदाज आणि तुमच्या तापमापकातला फरक जमेस धरून ठरवा. आकडे रुजलेल्या फॉर्च्युनायचे आहेत. पहिली दोन वर्षं प्रत्येक आकडा तीन अंशांनी वर धरा.

उणे ६ पर्यंत: छप्पर आणि पाला एवढंच. काही गुंडाळू नका.

उणे ६ ते उणे ९: कोरड्या दिवशी, शक्यतो दुपारी, पानं वर उचलून बांधा. खालच्या पानांपासून सुरुवात करून दोर फिरवत वर जा. जोर लावू नका, कारण थंडीत देठ ठिसूळ झालेले असतात. बांधलेला जुडगा आतून मोकळा हवा, हात सहज शिरला पाहिजे. वरून फ्लीसचे दोन थर.

उणे ९ ते उणे १२: खोडाला काथ्याची चटई गुंडाळा, फ्लीसचे थर तीन-चार करा. कोंबाच्या बेचक्यात थोडा अगदी कोरडा पाला घालता येतो, पण कडाका ओसरला की तो काढायलाच हवा.

उणे १२ च्या खाली, किंवा सलग चार-पाच दिवस दुपारीही शून्याच्या वर जात नसेल तर: गरम तार लावा. या दुसऱ्या अटीकडे दुर्लक्ष होतं. एका रात्रीचे उणे १३ जेवढे धोक्याचे, त्याहून आठवडाभराचे सततचे उणे ६ जास्त. गुंडाळी ऊब तयार करत नाही, असलेली फक्त धरून ठेवते. आठवडाभर खोड आतपर्यंत गोठत गेलं की धरायला काही उरत नाही.

तार कशी गुंडाळायची

२० सेंटीमीटर जाडीच्या खोडाला एका वेढ्यात साधारण ६३ सेंटीमीटर तार लागते. १० सेंटीमीटर अंतराने ८० सेंटीमीटर उंचीपर्यंत आठ वेढे, म्हणजे ५ मीटर. उरलेली ३ मीटर पानांच्या देठांच्या जुडग्याभोवती बाहेरून सैल फिरवा. पोग्याला तार टेकू देऊ नका, तिथली कोवळी ऊती भाजते. एकाच ठरावीक वॉटच्या तारेचे वेढे एकमेकांवर आले तर तिथे ती अती तापते, म्हणून वेढे सुटे ठेवा. चटई आणि फ्लीस तारेच्या वरून.

थर्मोस्टॅटचा संवेदक कोंबाजवळ सावलीत, तारेपासून वीतभर लांब लटकवा. तारेला चिकटला तर तो स्वतःच गरम होऊन वीज तोडतो आणि झाड गोठत राहतं. उणे ३ ला चालू, अधिक २ ला बंद एवढं पुरे. झाडाला घरातली ऊब द्यायची नाही. १० अंशांच्या वर नेलंत तर ते वाढायला लागतं आणि ती कोवळी वाढ पुढच्या गारठ्यात जाते.

१०० वॉटची तार रात्रीत १४ तास चालली तर १.४ युनिट वीज. वर्षात अशा दहा रात्री म्हणजे १४ युनिट, युनिटला ३५ सेंट धरले तर पाच युरोंच्या आत. जोडणी बाहेरच्या वापराच्या बंदिस्त सॉकेटमधून आणि ३० मिलिअँपिअरच्या गळती-संरक्षक स्विचमागूनच घ्या. जुन्या पद्धतीच्या, तापणाऱ्या दिव्यांच्या माळाही काही जण वापरतात. एलईडी माळेचा उपयोग शून्य, तिला ऊब जवळजवळ नसतेच. मेणबत्त्या आणि पणत्या झाकणात कधीही ठेवू नका, फ्लीस क्षणात पेटतं.

जास्त थंड भागासाठी पेटी

उणे १८ च्या पुढचे भाग असतील तर चार बाजू आणि झाकण अशी पेटी करा. १ मीटर लांब-रुंद आणि २ मीटर उंच पेटीचं बाहेरचं क्षेत्रफळ जमिनीची बाजू सोडून ९ चौरस मीटर भरतं. ३० मिलिमीटरच्या कडक फोमच्या फळ्यांमधून चौरस मीटरला, दर अंश फरकाला, साधारण १ वॉट ऊब निसटते. बाहेर उणे १८ आणि आत उणे ५ राखायचे असतील तर ९ गुणिले १ गुणिले १३, म्हणजे ११७ वॉट. वरून फटींचं नुकसान धरून १५० वॉट ठेवा. १० मिलिमीटरच्या पोकळ पॉलिकार्बोनेटमधून तिप्पट ऊब जाते, तिथे ४०० वॉट लागतील. फोममध्ये अंधार असतो, पण दोन-तीन आठवडे पामला त्याचं काही वाटत नाही. महिनाभराहून जास्त ठेवायचं असेल तर दक्षिणेची बाजू पॉलिकार्बोनेटची करा आणि झाकण सहज उघडेल असं ठेवा.

उघडण्याची शिस्त

सगळ्यात जास्त झाडं इथे हातची जातात. फेब्रुवारी २०२१ मध्ये जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन शहरात तापमान जवळपास उणे २४ पर्यंत उतरलं आणि आठवड्याभरात अधिक १८ वर गेलं. अशा वेळी बंद गुंडाळीत दमट, कोमट हवा कोंडते आणि कोंब दोन-तीन दिवसांत सडायला लागतो. त्यामुळे दुपारचं तापमान ५ अंशांवर जाणार असेल तर वरून उघडा. तीन-चार रात्री उणे ५ च्या खाली जाणार नसतील तर गुंडाळी पूर्ण काढा आणि कोंबात हात घालून ओल बघा. ओला असेल तर वाऱ्यावर सुकू द्या, मगच पुन्हा झाका. प्लास्टिकची फिल्म कशालाच वापरू नका, तिच्याखाली रात्री दव धरतं आणि दिवसा झाड उकडतं.

पडलेला बर्फ बुंध्याशी राहू द्या, तो मुळांशी असलेली ऊब धरून ठेवतो. पानांवरचा ओला, जड बर्फ मात्र हलक्या हाताने झटका.

मार्चमधली तपासणी

पोगा चिमटीत धरून सरळ वर, हळू पण ठाम ओढा. निरोगी पोगा जागचा हलत नाही. कुजलेला अलगद हातात येतो, बुडाशी तपकिरी, बुळबुळीत असतो आणि त्याला आंबूस वास येतो. पक्का असेल तर पोग्यावर आणि शेजारच्या देठावर एकाच पातळीला पेनाने आडवी रेघ ओढा. एप्रिल-मेमध्ये पोग्यावरची रेघ वर सरकली की झाड जिवंत आहे.

पोगा निघून आला तरी झाड लगेच उपटू नका. सुटलेलं सगळं काढा, मऊ झालेला भाग चमच्याने खरवडा आणि पोकळीत ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ओता. ते फेसाळतं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा ओता. फेस येईनासा झाला की थांबा. वर छप्पर ठेवा, खत देऊ नका आणि ऑगस्टपर्यंत वाट बघा. पहिली एक-दोन पानं तोकडी, अर्धी कापल्यासारखी येतात. ती कोंबातच इजा झालेली असतात, त्यांच्यामागून नीट पानं येतात. करपलेल्या पानांचाही हिरवा भाग असेपर्यंत ती ठेवा.

कुंडीतल्या पामचं वेगळं

जमिनीतल्या झाडाचे आकडे कुंडीला लावू नका. तिथे चारही बाजूंनी थंडी थेट मुळांवर येते आणि मुळं पानांपेक्षा नाजूक असतात. कुंडी फोमच्या तुकड्यावर, भिंतीला टेकून ठेवा, बाजूने चटई गुंडाळा आणि गोळा आतपर्यंत गोठायच्या आत, साधारण उणे ५ ला, खिडकी असलेल्या थंड गॅरेजमध्ये हलवा. तिथे ० ते ८ अंश आणि तीन-चार आठवड्यांनी थोडं पाणी पुरतं. गरम बैठकीच्या खोलीत आणू नका, कोरड्या हवेत लाल कोळी ही कीड लागते. पुन्हा बाहेर काढताना पहिला आठवडा सावलीत ठेवा, नाहीतर पानं उन्हाने पांढरी पडतात.

मार्चअखेर छप्पर काढा, पाला एप्रिलमध्ये. एप्रिलमधल्या उणे ३-४ च्या रात्री रुजलेल्या झाडाला बाधत नाहीत, पण पेरॉक्साइड दिलेल्या झाडावर मेच्या मध्यापर्यंत रात्रीपुरतं फ्लीस टाका. सामान आवरताना फ्लीस धुऊन पूर्ण वाळवा आणि तार मोठ्या वेढ्यात गुंडाळा, कारण घडी घातली की आत तुटते. ऑक्टोबरमध्ये ती तासभर लावून हाताने चाचपा. कुठे गार लागली तर नवी घ्यायला तेव्हा अजून वेळ असतो.